कोऱ्या चेकवरची सही : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ‘गोठ्याच्या चेकवर दोघांच्या सह्या हव्यात’ या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ४० बकऱ्यांच्या धंद्याला दोन सह्या कशाला, हा घरच्याच पोरावर अविश्वास झाला, असं तुम्ही लिहिलंत. आणि सही करणारा गावाला गेला तर ढेपवाला (जनावरांची पेंड विकणारा) थांबतो का, असंही विचारलंत.

नाही थांबत. म्हणूनच पेरणीच्या घाईत मी एकदा दहा कोऱ्या चेकांवर सह्या केल्या आणि चेकबुक भाच्याच्या हाती दिलं. दारव्ह्याजवळचा आमचा गोठा तोच पाहतो. मार्चात हिशेबाला बसलो तर २८ हजारांचा मेळ बसेना. चेकबुकातलं नोंदीचं पान कोरं. तोंडाने कोणी काही बोललं नाही, पण पोराला कळायचं ते कळलं. महिनाभर तो आमच्याकडे जेवायला आला नाही. शेवटी ढेपेच्या दुकानात उलगडा झाला. एकाच बिलाचे दोन चेक गेले होते, दुसरा दुकानदाराने आगाऊ म्हणून जमा धरला होता. पोराने एक पैसा घेतला नव्हता. चेक लिहिताना बिल दुसऱ्याच्या नजरेखालून गेलं असतं तर त्याच्यावर ही वेळच आली नसती. भाऊ, अविश्वास झाला तो तेव्हा, एकट्यावर सगळं सोडल्यामुळे.

कायदाही पाहा. सही करून स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्याने भरली तरी तो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. देणं नव्हतं हे सिद्ध करायचं सही करणाऱ्याने. चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहेच : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता बँकेत ‘तिघांपैकी कोणत्याही दोघांची सही’ असं लिहून दिलंय : मी, माझे मोठे भाऊ आणि भाचा. कुटार-औषधाला ५,००० रोख डब्यात असतात. बिलं दाखवली की डबा पुन्हा भरायचा.

‘बोकड तर बाजारात नगदी विकतो, तिथे चेक कुठे?’ हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तिथे सही कामाची नाही, तिथे मोजणी लागते. दर एक तारखेला वहिनी गोठ्यात उभ्या राहून बकऱ्यांच्या कानातले बिल्ले मोजतात. मागच्या महिन्याच्या बकऱ्या, त्यात नवी पिलं, त्यातून मेलेली आणि विकलेली वजा. विकलेल्या प्रत्येक बोकडाची रक्कम पासबुकात दिसली पाहिजे. मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला काढून आम्ही तारेत ओवून ठेवतो. वहिनींची सही चेकवर चालत नाही, हे मुद्दामच ठेवलंय : मोजणारा वेगळा, सही करणारा वेगळा.

परवा दुकानात मी घाईने म्हटलं, “आण, सही करून टाकतो.” भाच्याने चेक मागे घेतला. “मामा, आधी बिल पाहा.”