ध्यानाला बसलेले ध्यान

मूल झाले की झोप उडते, हे मला सर्वांनी आधीच सांगून ठेवले होते. पण झोप लागली तरी एक कान जागाच राहतो, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. त्यातच अलीकडे रोगराई, युद्धे आणि बिघडलेले हवामान यांच्या बातम्यांनी जो सपाटा लावला आहे, त्यामुळे हा कान दिवसासुद्धा टवकारलेला असतो. मुलगी सात वर्षांची आहे. ती एकदा खोकली की मला थेट अतिदक्षता विभाग दिसतो आणि तिला शाळेतून यायला दहा मिनिटे उशीर झाला की त्या दहा मिनिटांत मी पोलीस ठाण्यात द्यायचा जबाब मनातल्या मनात लिहून पूर्ण करतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्याने केली, त्याला मूल असणार आणि त्या दिवशी ते वेळेवर घरी पोहोचलेले नसणार, याविषयी मला शंका नाही.

अशा परिस्थितीत निदान आपण तरी शांत राहावे, असे मी ठरवले आणि फोनवर ध्यानाचे ॲप घेतले. ‘मनात येणारे विचार ढगांसारखे जाऊ द्या,’ असे एक मऊ आवाज रोज सांगत असे. माझे ढग जात तर नसतच, उलट तिथेच गडगडत बसत. डोळे मिटून, भुवया आवळून, जबडा घट्ट धरून शांत होण्याची माझी ती खटपट बायकोने दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “घरात एक ध्यान आहे तेवढं पुरे. त्याला आणखी ध्यानाला कशाला बसवायचं?” पुढे चार दिवस खंड पडला, तेव्हा ‘आपण चार दिवस शांत झालेला नाहीत’ अशी सूचना ॲपने धाडली आणि माझ्या काळज्यांच्या यादीत आणखी एकीची भर पडली.

मग मी वाचनाकडे वळलो, आणि खरा घात तिथे झाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. जेमतेम वर्षाच्या बाळांना एका जाड काचेच्या पृष्ठभागावर रांगायला सोडले होते. काच सलग, पण निम्म्या वाटेवर तिच्याखाली खोलगट भाग दिसेल अशी ती रचना. पलीकडे आई. बाळे त्या काठाशी थबकत आणि आईच्या तोंडाकडे पाहत. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली. चेहरा भ्यालेला होता तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. म्हणजे पोर आधी आपले तोंड वाचते आणि मग पाऊल टाकते! तोवर मला काळजी फक्त मुलीची होती. त्या दिवसापासून चेहऱ्याचीही करावी लागली. आरशासमोर उभे राहून मी एक प्रसन्न, निश्चिंत मुद्रा बसवली आणि वेळप्रसंगासाठी राखून ठेवली.

प्रसंग आठवड्याभरातच आला. रात्री दोन वाजता मुलीचे अंग तापले होते. थर्मामीटरने १०१.२ दाखवले. बायकोने औषध दिले, पाणी पाजले, “पाणी पितेय, नीट बोलतेय, सकाळी बघू,” असे म्हटले आणि ती चक्क झोपली. आकड्यापेक्षा मूल कसे दिसते आणि कसे वागते ते पाहावे, असे डॉक्टरही सांगतात. मला ते तोंडपाठ आहे. तरीही दर दहा मिनिटांनी मी ताप मोजत होतो, कारण काही न करता बसणे मला कधीच जमलेले नाही. मध्येच श्वासाची आठवण झाली. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते, म्हणून तो घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा, असे वाचले होते. त्याप्रमाणे ती राखीव मुद्रा चेहऱ्यावर चढवून मी नाकातून सावकाश, लांबलचक श्वास सोडू लागलो.

मुलीने डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “बाबा, तुझं पोट दुखतंय का?”

“नाही गं. मी अगदी मजेत आहे.”

“मग असा का हसतोयस?” तिचा आवाज कापरा झाला. “मला खूप काहीतरी झालंय का?”

आरशासमोर घेतलेली सगळी मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली. मुद्रा उतरवून ठेवून मी खरे तेच सांगितले, की तुला साधाच ताप आहे, पण मला उगाचच भीती वाटते आहे. हे ऐकून तिला कमालीचे हायसे वाटलेले दिसले. ती उठून बसली, माझ्या हातातला थर्मामीटर घेऊन तिने तो माझ्या काखेत खोचला आणि तो वाजेपर्यंत माझा हात दाबून धरला. “सत्त्याण्णव पॉइंट नऊ,” तिने वाचून दाखवले, “तुला काही झालेलं नाहीये. झोप आता.” थर्मामीटर परत जागच्या जागी खोचून ती माझ्या त्याच दंडावर डोके ठेवून झोपी गेली.

हात हलवला असता तर ती जागी झाली असती. त्यामुळे काखेत थर्मामीटर धरून, पाठ भिंतीला टेकवून, जराही न हलता मी पहाटेपर्यंत बसून राहिलो. साडेपाचच्या सुमारास तिच्या कपाळाला घाम सुटला आणि त्याच वेळी उशाशी फोन उजळला. आजची दहा मिनिटे स्थिर बसणे अद्याप बाकी आहे, असे ॲपने कळवले होते.