तुमची बचत

आमच्या घरात उत्पन्नाची साधनं दोन. एक माझा पगार, आणि दुसरं म्हणजे सुपरमार्केटच्या बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेली ‘तुमची बचत’. पहिल्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. दुसरी मात्र ही बिल हातात पडल्या पडल्या, मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवते. “चारशे बारा वाचले!” हे वाचलेले चारशे बारा नेमके कुठं आहेत, असं मी एकदा विचारलं होतं. त्या वेळी ट्रॉलीत यादीबाहेरची फरशी पुसायची बादली, एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे डबे आणि पाहुण्यांसाठी सहा मग होते. “ते वेगळं,” ही म्हणाली. ते वेगळं असल्यामुळं बचत अबाधित राहिली.

घरात पक्ष तीन. हिचा सुपरमार्केट पक्ष. माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, पेठेतल्या किराण्याचा पक्ष. हा पक्ष जुना आहे, त्याची उधारीची वही अजून चालू आहे. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचा ऑरगॅनिक पक्ष, जो मोबाइलवर सभा घेतो आणि कुरिअरनं घरी येतो. मी कुठल्याच पक्षात नाही. मी पिशव्या उचलतो.

स्वस्तातला माल महागाच्या तोडीचा असतो का, हा प्रश्न इतर गावांत ग्राहक पंचायतीचा असेल. आमच्याकडं तो जेवणाचा आहे. आमटी पानात पडली की चव घेण्याआधी अण्णा वाटी जरा कलती करून बघतात आणि विचारतात, “ही त्या मॉलातली का?” तो मॉल नाही, हे सांगून मी थकलो. अण्णांच्या लेखी जिथं सरकता जिना किंवा एसी आहे, तो मॉल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं जाणं म्हणजे दिव्य. अर्धं जुळे सोलापूर आपल्या आधी पोचलेलं असतं आणि उरलेलं अर्धं विजापूर रोडनं येत असतं. गाडीला जागा मिळत नाही, आणि मिळालेल्या ट्रॉलीचं एक चाक कायम नातेपुत्याला जायचं म्हणत असतं. त्यात ओळखीचे लोक भेटतात. इथं माणसं आधी तोंडाकडं नाही, ट्रॉलीकडं बघतात. म्हणून ही काजूचा तुकडा तळाशी घालते आणि वर बदामाचं पाकीट ठेवते. हिच्या वहिनी समोरून आल्या, तेव्हा त्यांच्याही ट्रॉलीत वर बदाम होते. दोघींनी एकमेकींच्या बदामांची चौकशी केली आणि पुढं गेल्या.

“काहीतरी असल्याबिगर कोण स्वस्त देत नाही बे,” हे अण्णांचं ठाम मत. असतं की, पण ते मालातच असतं असं नाही. एका वस्तूचे पंचवीस प्रकार मांडायचे नाहीत, खपणारे दोन-तीन ठेवायचे. ते ट्रकानं उचलायचे. पुरवठादाराला पैसे लवकर देऊन भाव पाडून घ्यायचा. सजावटीला फाटा, पिशवी गिऱ्हाइकानं घरून आणायची. पाकिटावरची किंमत ही कमाल किंमत. तिच्याखाली विकायला कायद्याची आडकाठी नाही. त्यामुळं बिस्किटाचा नावाजलेला पुडा तिथं दोन रुपये स्वस्त मिळाला, तर आतलं बिस्किट तेच, कारखाना तोच. त्यात दर्जाचा वाद घालणारा माणूस मोकळा असला पाहिजे.

वाद सुरू होतो तो दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या पाकिटापाशी. साधं प्लॅस्टिक, वर दुकानाचं नाव, मागं बारीक अक्षरांत पॅक करणाऱ्याचा पत्ता आणि अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक. हे पाकीट अण्णा दोन बोटांच्या चिमटीत धरतात. आता गंमत अशी, की अण्णांचं सगळं आयुष्य इथल्या गिरणीत गेलं आणि एकाच मागावरचं धोतर दोन शिक्के मारून बाहेर पडायचं, ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकत मोठा झालो. एकावर मोर, दुसऱ्यावर नुसता नंबर. मोराला लोक जादा पैसे द्यायचे आणि वर शपथेवर सांगायचे, की मोराचं धोतर जास्त टिकतं. मी ही गोष्ट त्यांना त्या पाकिटाच्या संदर्भात आठवून दिली. “कापड वेगळं, डाळ वेगळी,” अण्णा म्हणाले. मोर अजून जिवंत आहे.

मीठ-साखरेत वेळ घालवू नये. आयोडीनचं मीठ ते मीठ. साखरेचे एस-३० आणि एम-३० हे प्रकार मुख्यतः दाण्याच्या आकारावरून. चहात दोन्ही सारखेच नाहीसे होतात. ज्या जिल्ह्यात हिवाळाभर उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी चालवावी लागते, तिथं मुलगी पुण्याहून साखर पाठवते याचं मला जास्त वाईट वाटतं.

तेलाचं तसं नाही. तिथं चष्मा लागतो. पाकिटावर फूल भलं मोठं असतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे दोन तेलांचं मिश्रण आहे. अशा मिश्रणात प्रत्येक तेल कमीत कमी २० टक्के असावं लागतं. म्हणजे फुलाचं तेल तेवढंच असलं तरी वरचं फूल भलं मोठंच. शिवाय एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, आणि स्वस्त वाटलेली पिशवी पुष्कळदा त्याहून हलकी निघते. मी आता ग्रॅममागची किंमत वाचतो, ती छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ती वाचत असताना मागच्या बाईंची ट्रॉली माझ्या टाचेला लागते.

तुरीच्या डाळीवर मात्र घर फुटायची वेळ आली. अण्णांचा दावा : पेठेतली डाळ बार्शीची, गावरान, शिजते लोण्यासारखी. शिवाय जुलै २०२२ पासून पाकीटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी बसला, सुट्या डाळीला तो नाही. म्हणजे सरकारसुद्धा सुट्याच्या बाजूनं आहे. हिचा दावा : पाकिटातली निवडावी लागत नाही. मुलीचा दावा : दोन्ही डाळी पॉलिश केलेल्या, खरी डाळ तिची, किंमत जवळजवळ दुप्पट.

मी प्रयोग करायचं ठरवलं. हिची डाळ शिजवली, तीन शिट्ट्यांत गाळ. दुसऱ्या दिवशी अण्णांची शिजवली, ती तितक्याच शिट्ट्यांनंतर दाण्यादाण्यानं उभी. ही काही बोलली नाही, नुसती हसली. ते जास्त लागलं अण्णांना. शेजारच्या आक्का वाटीभर दही मागायला आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काल नळाचं पाणी होतं, आज बोअरचं हाय की नाही?” होतंच. आमच्याकडं नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतो; पिंप संपला की बोअर. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीला लवकर मऊ होऊ देत नाही. म्हणजे इतके दिवस आम्ही डाळीची म्हणून जी भांडणं केली, ती उजनी धरणाच्या पाण्याच्या वेळापत्रकाची होती.

मग एकाच कुकरात तीन भांडी, पाणी एकच, नळाचं. पेठेतली आणि सुपरमार्केटातली डाळ जोडीनं शिजली. मुलीची दुप्पट किमतीची डाळ मागं राहिली. पाकीट उलटून बघितलं तर पॅकिंग पाच महिन्यांपूर्वीचं. डाळ जितकी जुनी तितकी ती शिजायला कुरकुरते. महागाचा माल फळीवर बसून राहतो, कारण तो घेणारे थोडे. आणि ज्या दुकानात उभं राहायला जागा नसते, तिथली डाळ पंधरवड्यात उडते. गर्दीचा मला एवढा उपयोग होत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

चवीची परीक्षा अण्णांनीच घेतली. तीन सारख्या वाट्या, बुडाला कागदाची खूण. डोळे मिटून त्यांनी तिन्ही चाखल्या आणि मधली पुढं सारली. “ही आपल्या पेठेतल्या मालकांची. चव बघ की!” मी वाटी उचलून कागद दाखवला. सुपरमार्केट. अण्णांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “कागद बदललास.”

मी पेठेतल्या मालकांनाही जाऊन विचारलं, ही बार्शीचीच का? त्यांनी आजूबाजूला बघून आवाज उतरवला. “डाळ बार्शीच्या मिलची. तूर कुठली ते तुरीलाच ठाऊक.” खरंच आहे. तूर म्यानमारहून येते, मोझांबिकहून येते, टांझानियातूनही येते. अण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांचं वय लक्षात घेता मोझांबिक फार लांब आहे.

शेंगदाण्याला मात्र कागद बदलून चालत नाही. शेंगाची चटणी ही आमच्याकडं तोंडी लावायची वस्तू नाही. घराची पत आहे. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, एवढाच ऐवज. तो उखळात कुटत राहायचा. आधी भरडा होतो, मग भरडा उखळाच्या कडेला चिकटायला लागतो, मग मुसळ उचलताना चिक्‌ असा बारीक आवाज येतो आणि मुसळाच्या तोंडाला तेल चकाकतं. मिक्सरमध्ये त्याची नुसती भुकटी होते. या सगळ्या मेहनतीत एक खवट दाणा सापडला की संपलं; तो आख्ख्या उखळाला आपली चव देतो. स्वस्त पाकिटात फुटके, सालं गेलेले दाणे जास्त असतात, आणि दाण्याचं तेल हवा लागून खवट होतं ते आधी अशाच दाण्यांचं. महागड्या पाकिटात दाणा टपोरा, एकसारखा, फोटो काढावा असा. पण तोही फोडल्याशिवाय कळत नाही. पेठेत मालक पोत्यातले दोन दाणे तळहातावर ठेवतात, आपण तोंडात टाकतो, मान हलली तर तोलायचं. सुपरमार्केटात पाकीट फोडून दोन दाणे तोंडात टाकून बघा. वरचा कॅमेरा लगेच ओळख काढतो.

हे सुपरमार्केट पक्षाच्या नेत्यालाही ठाऊक आहे. कपाटाच्या मागच्या बाजूला मला वर्तमानपत्रात बांधलेली शेंगदाण्यांची पुडी सापडली, मालकांच्या हातच्या गाठीची. मी काही बोललो नाही. संसार अशा पुड्यांवर टिकतो.

ज्वारीचं पीठ पाकिटातलं आणायचा विचार सोलापुरात कुणी शुद्धीवर असताना करत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी, भौगोलिक मानांकन मिळालेली, हाकेच्या अंतरावर पिकते. सुगीला पोतं घ्यायचं, लागेल तसं दळायचं. पण पावसाळ्यात वीज गेली, गिरणी बंद, आणि मी नको म्हणत असताना एक पाकीट आलं. पीठ स्वच्छ होतं, पांढरंशुभ्र होतं, भावही रास्त. पण विरी गेलेली. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतो, त्यात पीठ शिळं. परातीत थापता थापता भाकरीला कडेनं भेगा पडल्या, उचलताना ती दोन तालुक्यांत विभागली गेली. उकळतं पाणी घालून मळल्यावर कशीबशी जमली. याहून महागातलं पाकीट आणलं असतं तरी हेच झालं असतं; पीठ किती रुपयांचं यापेक्षा किती दिवसांचं, हे भाकरी आधी सांगते.

मुलगी दिवाळीला आली तेव्हा तिच्या पक्षाच्या डाळीत किडे निघाले. ही लगेच सरसावली. मुलगी शांत. “आई, म्हणजे केमिकल नाही त्यात.” मागं सुपरमार्केटच्या रव्यात किडा निघाला होता, तेव्हा हीच पोरगी फोनवर ओरडली होती, की तक्रार करा. आणि पेठेत मालकांना गव्हातला किडा दाखवला, तर ते म्हणाले होते, “पाऊस पडलालाय की, त्यो तरी कुठं जाईल?” किडा एकच. स्वस्तात तो घाण असतो, महागात प्रमाणपत्र आणि ओळखीच्या दुकानात पाहुणा.

सध्या तह झाला आहे. मीठ, साखर, साबण, बिस्किटं, चहा हिच्याकडं. शेंगदाणे आणि खोबरं अण्णांकडं. मुलीची पाकिटं ती येईल तेव्हा तिच्यासमोर फोडायची. डाळ वादग्रस्त क्षेत्रात ठेवली आहे. तिन्हीकडं जायचं मात्र मलाच, त्यामुळं माझा रविवार गेला तो गेलाच.

मागच्या महिन्यात ऊन असं होतं, की एसीच्या आशेनं अण्णा स्वतःहून आमच्यासोबत आले. पहिल्यांदाच. डाळीच्या रॅकसमोर उभं राहून त्यांनी एकेक पाकीट प्लॅस्टिकवरून चुरगळून बघितलं, एकेकाळी कापड बघायचे तसं. मग तिथल्या पोराला बोलावलं.

“बाळा, ही कुठली रं?”

पोरानं हातातलं यंत्र पाकिटावर धरलं, पिप्‌ केलं आणि भाव सांगितला.

“मी गाव विचारलं, भाव नाही.”

पोरानं पाकीट उलटंपालटं केलं, पॅक करणाऱ्याचा भिवंडीचा पत्ता सापडला तो वाचला. “भिवंडी, आजोबा.”

“भिवंडीत तूर पिकते?”

“काय की. पण दोन किलोवर स्टीलची वाटी फ्री हाय.”

अण्णांनी वाटी मागवली. बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघितली, कानाजवळ नेली. मग दोन पाकिटं ट्रॉलीत टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “वाटी बरी हाय.”