हिरोच्या डाव्या खांद्यामागून

कोल्हापुरात जन्मलात आणि तोंड वेडंवाकडं करून घरच्यांना हसवता आलं, म्हणजे सिनेमात जाणार हे ठरलंच. बाबूराव पेंटरांच्या गावात एवढं चालायचंच. फक्त हिरो व्हायचा हट्ट धरू नका. हिरोला दोन महिने पोट आत ओढून वावरावं लागतं. तुम्ही हिरोचा मित्र व्हा, हवालदार व्हा, सरपंचाचा उजवा हात व्हा. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या मोजायची गरज नाही. पोट सुटेल तेवढं बरं.

तिरळे असाल तर दुधात साखर. इथल्याच हंस पिक्चर्सच्या १९३८च्या 'ब्रह्मचारी'त दामूअण्णा मालवणकर होते. त्यांच्या तिरळ्या डोळ्यानं नुसतं बघितलं तरी थिएटर हसायचं. सरळ डोळ्यांचे कितीतरी देखणे चेहरे आज कुणाला आठवतात?

एक मात्र कळकळीनं सांगतो, कुठलीच भूमिका फार चांगली करू नका. आपल्या गणपत पाटलांनी तमाशापटांतला नाच्या इतका जिवंत केला, की बायकापोरांच्या या गड्याला लोक रस्त्यातही नाच्याच समजले. वाईट नटाला निदान पुढच्या खेपेला वेगळं काम तरी मिळतं.

शूटिंग चित्रनगरीत, मोरेवाडीच्या माळावर. कॉल सकाळी सातचा, तुमचा शॉट उजेड जाता जाता. "एकात ओके करा हं!" कराच. आणि तुमचं वाक्य फारच जमलं, तर हिरो म्हणेल, "हे मीच घेतो की." द्या. क्यामेरा त्याच्यावर, फ्रेमच्या कडेला तुमचा एक कान. कानानं अभिनय करायला शिका, तेवढा एकच अवयव एडिटिंगमधून वाचतो.

पैशाचं? मानधन या शब्दात मान आधी आणि धन मागाहून येतं. प्रोडक्शन मॅनेजर हा क्रम काटेकोर पाळतो.

पण गाव तुम्हाला विसरणार नाही. सख्ख्या चुलत्याच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर उभे असाल, डोळे भरलेले असतील, तेवढ्यात मागनं कुणीतरी कोपरानं ढोसेल, "भावा, ते हवालदाराचं तोंड करून दाखव की, पोरगं लांबनं आलंय." पोरगं मोबाइल धरून तयारच असेल. नाक पुसा, टोपी जरा तिरकी करा, आणि त्याला विचारा, उभा घेतोयस का आडवा?