हायर-काइंडेड टाइप्स नाहीत म्हणून काही अडत नाही

परवा अख्खा दिवस एका टाइप एररमागे गेला. ऑब्जेक्टमधे एक फील्ड राहिलं होतं, एवढंच! पण एरर स्क्रीनभर, आणि त्यात त्या फील्डचं नाव कुठेच नाही.

टाइपस्क्रिप्टमधे हायर-काइंडेड टाइप्स नाहीत, म्हणजे नुसता 'प्रॉमिस' किंवा नुसता 'ॲरे', आत काय आहे ते न सांगता, टाइप पॅरामीटर म्हणून देता येत नाही. तरी आमच्याकडे त्यांची नक्कल म्हणून इंटरफेसमधे स्ट्रिंग की टाकून टाइप शोधायची युक्ती वापरून सगळं 'कुठलाही मोनाड (एकामागून एक पायऱ्या जोडता येतात असा, प्रॉमिससारखा टाइप) चालेल' असं लिहून ठेवलेलं, ती एरर त्यातलीच, आणि पूर्ण कोडमधे प्रत्यक्ष वापरलेला मोनाड एकच. मग कशासाठी हा खटाटोप?

ऑर्डर कॅन्सल करायचं फंक्शन मी आता असं लिहिलंय: ते ऑर्डर घेतं, आत्ताची वेळ घेतं आणि काय काय करायचं त्याची यादी परत देतं, पैसे परत करा, मेल पाठवा, स्टॉक वाढवा, सगळे साधे ऑब्जेक्ट. बाहेर एक लूप, त्यात स्विच, तो ती कामं खरोखर करतो. टेस्टमधे एकही मॉक, म्हणजे खोटा डेटाबेस किंवा खोटा मेल, नाही, दोन याद्या जुळतात का बघायचं फक्त. एल्म ही भाषा हेच करते की, अपडेट फंक्शन नवं मॉडेल आणि कमांड देतं, पुढचं रनटाइम बघतं.

पण रिफंड झाला की नाही त्यावर पुढचं ठरत असेल तर यादी पुरत नाही. तिथे मी सरळ एकच टाइप पक्का केला, प्रॉमिसच्या आत रिझल्ट (एकतर उत्तर नाहीतर एरर), आणि डेटाबेस, मेल वगैरे फंक्शन्स आर्ग्युमेंट म्हणून पास केली. एफ शार्प भाषेतही हायर-काइंडेड टाइप्स नाहीत, तिथे प्रत्येक इफेक्टला (एसिंक, एरर वगैरे) पायऱ्या जोडणारा आपापला बिल्डर असतो आणि लोक मजेत काम करतात. कोटलिन भाषेच्या ॲरो लायब्ररीने तर आधी हायर-काइंडेड टाइप्सची नक्कल केली आणि नंतर ती काढून टाकून सस्पेंड फंक्शन्स (मधे थांबून पुन्हा पुढे चालू होणारी) धरली.

ओकॅमल भाषेच्या 5.0 मधे, डिसेंबर 2022 ला, इफेक्ट हँडलर आले, म्हणजे फंक्शन काम मागतं आणि ते कसं करायचं हे बाहेरचा हँडलर ठरवतो. मला ते मनापासून आवडतात, मोनाडशिवाय सरळ कोड लिहिता येतो, पण इफेक्ट टाइपमधे दिसत नाही, हँडलर लावायचा राहिला तर थेट रनटाइमला कळतं, आणि हे मला पटत नाही. कोका भाषेत इफेक्ट टाइपमधेच दिसतो.

तोटा आहेच, ट्रॅव्हर्स (यादीतल्या प्रत्येकावर असं इफेक्टवालं फंक्शन चालवून निकाल एकत्र करणारं) मला दोनदा लिहावं लागलं, दोन्ही मिळून वीसेक ओळी. लायब्ररी लिहिणाऱ्याला हे परवडणार नाही, मान्य. पण ॲप्लिकेशन कोडमधे कुणी खरंच मधेच दुसरा मोनाड आणून बसवलाय का? असेल तर सांगा, मला बघायचंय.