इकॉनॉमीचं तिकीट काढताय? मग एअरलाइनचं नाव सगळ्यात शेवटी बघा

सुट्टीला परदेशात जायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेलाच, कुठली एअरलाइन चांगली? मग जो तो आपापलं नाव घेतो, हिची सर्व्हिस भारी, तिचं जेवण बेकार, तिसरीला म्हणे जगातली सर्वोत्तम म्हणून अवॉर्ड मिळालंय. मला हे अजिबात पटत नाही. इकॉनॉमीत बसणाऱ्याचा प्रवास कसा होणार हे नावावर फार कमी ठरतं. ते ठरतं विमान कुठलंय, तिकीट कसं जोडलंय आणि काही बिनसलं तर त्या रूटवर पुढची फ्लाइट कधी आहे यावर. माणसं वर्षभर रजा साठवतात, पैसे बाजूला टाकतात आणि तिकिटाची निवड मात्र जाहिरात बघून करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. जाहिरातीत जी आडवी होणारी सीट दाखवतात ती आपली नसतेच, आपण पडद्याच्या मागे बसणार आणि तिथे सगळा हिशोब इंचांचा असतो.

बोइंग 777 चं उदाहरण घ्या. हे विमान सुरुवातीला बहुतेक एअरलाइन्सनी इकॉनॉमीच्या एका रांगेत 9 सीट लावून चालवलं, आज बहुतेकांकडे तेवढ्याच रुंदीत 10 सीट आहेत, 3-4-3, म्हणजे दोन्ही कडेला तीन-तीन आणि मध्ये चार. विमान काही रुंद झालं नाही, त्यामुळे सीट साधारण साडेअठरा इंचांवरून सतराच्या आसपास आली. दीड इंच ऐकायला काहीच वाटत नाही पण दहा-बारा तास शेजारच्याचा दंड आपल्या दंडाला टेकलेला राहिला की त्या दीड इंचाची किंमत कळते. बोइंगच्याच 787 चंही तेच, त्यात 2-4-2 अशा 8 सीट बसतात पण जवळपास सगळे 3-3-3 करून 9 बसवतात, जपान एअरलाइन्सने मात्र आंतरराष्ट्रीय फ्लाइट्सवर 8 च ठेवल्यात आणि मला त्या एका गोष्टीसाठी त्यांचं मनापासून कौतुक वाटतं कारण रांगेमागे एक सीट सोडणं म्हणजे रोजचं उत्पन्न सोडणं आहे. एअरबस ए350 मध्ये 3-3-3 असेल तर सीट साधारण 18 इंच मिळते, पण फ्रान्सच्या फ्रेंच बी नावाच्या लो-कॉस्ट एअरलाइनने त्यातही 10 बसवल्यात. म्हणजे नुसतं विमानाचं मॉडेल विचारूनही भागत नाही, सीट मॅप उघडायचा आणि एका रांगेतल्या सीट स्वतः मोजायच्या, एक मिनिटाचं काम आहे. एरोलोपा नावाच्या साइटवर बऱ्याच एअरलाइन्सचे नकाशे इतके नीट काढलेले आहेत की खिडकीच्या सीटला खरंच खिडकी आहे की नुसती भिंत हेसुद्धा दिसतं.

दोघंच जाणार असाल तर एअरबसचं ए330 शोधा असं मी नेहमी सांगते. त्यात सहसा 2-4-2 असतं, कडेच्या दोन सीट घेतल्या की तिसरा अनोळखी माणूस मध्ये नाही, रात्री उठायचं तर फक्त आपल्याच माणसाला उठवायचं. विमान जुनं असेल, स्क्रीन छोटी असेल, तरी मी तेच घेईन.

पायाच्या जागेबद्दल सगळे बोलतात म्हणून थोडक्यात. पिच म्हणजे आपल्या सीटपासून पुढच्या सीटच्या त्याच जागेपर्यंतचं अंतर, लांबच्या फ्लाइटला 31-32 इंच नॉर्मल आहे, लो-कॉस्टमध्ये 28-29 सुद्धा असतं. गूगल फ्लाइट्सवर बहुतेक वेळा हा आकडा तिकिटाच्या तपशिलातच दिसतो. तास-दीड तासाला 28 चालून जातं, रात्रभराच्या प्रवासाला उंच माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

अजून एक गोष्ट लोक धरतच नाहीत, ती म्हणजे केबिनमधली हवा. जुन्या विमानांत केबिनमधला दाब साधारण 8000 फूट उंचीवर असल्यासारखा होऊ शकतो, 787 आणि ए350 मध्ये तो 6000 फुटांच्या आसपास ठेवतात आणि हवाही तितकी कोरडी नसते. उतरल्यावर डोकं जड होणं, घसा सुकणं यात मला तरी फरक स्पष्ट जाणवतो. सुट्टीचा पहिला दिवस हॉटेलात झोपून काढायचा नसेल तर हाही मुद्दा धरा.

पण या सगळ्याच्या वर मी ठेवेन तिकिटाची बांधणी, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त पोळतात.

एका मोठ्या एअरपोर्टवर रात्री ट्रान्सफर डेस्कच्या रांगेत उभी होते, आमची पहिली फ्लाइट लेट झाल्यामुळे बऱ्याच जणांची पुढची सुटली होती. माझ्या पुढे दोन कुटुंबं, दोघांनाही एकाच शहरात जायचं होतं. पहिल्यांचा सगळा प्रवास एका पीएनआरवर होता, डेस्कवरच्या बाईने पासपोर्ट घेतले, दोन मिनिटं टाइप केलं आणि सकाळच्या फ्लाइटचे बोर्डिंग पास आणि हॉटेलची स्लिप हातात दिली. दुसऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळ्या एअरलाइन्सची दोन वेगळी तिकिटं काढली होती. बाई शांतपणे म्हणाली, ती फ्लाइट आमची नाही, तुमची जबाबदारी आमच्याकडे इथपर्यंतच. वडील परत परत मोबाइलवरचं बुकिंग दाखवत होते, मुलगी केबिन बॅगवर डोकं टेकून झोपून गेलेली. बॅगा इमिग्रेशनच्या पलीकडे बेल्टवर फिरत होत्या आणि त्या देशाचा व्हिसा त्यांच्याकडे नव्हता. तिकिटात वाचवलेले पैसे त्या रात्री कितीतरी पटीने गेले असणार.

म्हणून कळकळीने सांगते, कनेक्टिंग घ्यायची तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. बुकिंग साइटवर 'सेल्फ ट्रान्सफर' (म्हणजे वेगवेगळी तिकिटं, मधल्या एअरपोर्टवर पुढचं सगळं आपलं आपण बघायचं) असं बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं तर तो पर्याय तिथेच सोडा, फार अनुभवी असाल आणि मध्ये एक अख्खा दिवस ठेवणार असाल तरच घ्या. शिवाय अमेरिकेतून कनेक्शन असेल तर एका तिकिटावरही सहसा पहिल्या अमेरिकन एअरपोर्टवर इमिग्रेशन करावं लागतं आणि तिथे उतरून दुसऱ्या देशात जायचं असलं तरी व्हिसा किंवा त्याच्या बदल्यातली परवानगी लागते, दीड तासाच्या ले-ओव्हरमध्ये हे सगळं बसवायला जाऊ नका.

तिकीट घेताना 'ऑपरेटेड बाय' च्या पुढे काय लिहिलंय ते वाचायचं. कोडशेअरमध्ये तिकीट एका कंपनीच्या नंबरचं आणि उडवणारी दुसरीच असं सर्रास असतं, आवडत्या नावासाठी जास्त पैसे मोजायचे आणि बसायचं दुसऱ्याच्याच विमानात. सीट, जेवण, क्रू सगळं उडवणाऱ्या कंपनीचं.

आणि फ्लाइट रोज आहे की आठवड्यातून तीनदा? हे कोणी विचारतच नाही. तीनदावाली कॅन्सल झाली आणि त्यांनी स्वतःच्याच पुढच्या विमानात बसवायचं ठरवलं तर दोन दिवस अडकलात, आणि आठवड्याच्या सुट्टीतले दोन दिवस म्हणजे काय ते नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. दिवसाला दोन-तीन फ्लाइट्स असणारी साधी एअरलाइन मला अवॉर्डवाल्या पण विरळ फ्लाइट्सच्या एअरलाइनपेक्षा कधीही जास्त भरवशाची वाटते. फ्लाइटरडार24 या साइटवर फ्लाइट नंबर टाकला की गेल्या काही दिवसांत ती किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली ते दिसतं, तेवढं बघाच.

युरोपला जाणाऱ्यांसाठी अजून एक. युरोपियन युनियनचा 261/2004 हा नियम आहे, फ्लाइट कॅन्सल झाली किंवा तीन तासांपेक्षा जास्त उशिरा पोचली आणि दोष एअरलाइनचा असेल तर अंतरानुसार 250 ते 600 युरो भरपाई मिळू शकते, खराब हवामानासारखं कारण असेल तर ती मिळत नाही. पण गंमत अशी की युनियनमधून निघणाऱ्या सगळ्या फ्लाइट्सना तो लागू आहे, तिकडे जाताना मात्र विमान युनियनमधल्याच एअरलाइनचं असेल तर. दोन तिकिटं सारख्या भावाची असतील तर जाताना हे वजन मी नक्की टाकते.

भाव बघताना एकच काळजी घ्या, 'लाइट' किंवा 'बेसिक' लिहिलेल्या तिकिटात बऱ्याचदा चेक-इन बॅग नसते, सीट निवडायचे वेगळे पैसे, बदल करायची सोय नाही, काही ठिकाणी मुलांसोबत बसायचं तर त्याचेही पैसे. तुमच्या बॅगा, तुमच्या सीटा धरून शेवटचा आकडा काढा आणि मगच तुलना करा, बऱ्याचदा महाग वाटणारी एअरलाइन तिथे स्वस्त निघते. आणि शक्यतो थेट एअरलाइनच्या साइटवरच घ्या, कुठल्यातरी अनोळखी साइटवर थोडे पैसे वाचतात पण अडचण आली की एअरलाइन म्हणते एजंटला विचारा आणि एजंट फोन उचलत नाही. पेमेंट क्रेडिट कार्डने. आइसलंडची वॉव एअर मार्च 2019 मध्ये एका सकाळी बंद पडली तेव्हा परतीचं तिकीट हातात असलेली माणसं जागोजागी अडकली, अशा वेळी कार्डवरून पैसे परत मागायचा एक रस्ता तरी राहतो.

वयस्कर आई-वडील सोबत असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि थेट फ्लाइट घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. कनेक्शन टाळता येतच नसेल तर व्हीलचेअर निदान 48 तास आधी नोंदवा आणि त्यांना आयल सीट, म्हणजे चालायच्या वाटेकडेची, द्या, उठून फिरता आलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, मुळात तो कमी असला तरी ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं.

एवढं सगळं बघून दोन पर्याय उरले तर मग बिनधास्त आवडतं नाव घ्या. फक्त निघायच्या आठवडाभर आधी बुकिंग परत उघडून बघा, कारण विमान बदलायचा हक्क एअरलाइन स्वतःकडे ठेवते आणि विमान बदललं की निवडलेल्या सीटही बदलू शकतात, तेव्हा वेळेत कळलं तर चांगली जागा परत निवडता येते.