एक्का बदामाचा, बरणी आत्यांची

शनिवारी रात्री मी पोकरमध्ये एकशे चाळीस कडवे वाल हरलो. पैसे लावायचे नाहीत असं ठरल्यामुळे यजमान मित्राने, चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) म्हणून, आत्यांनी पेणहून आणलेली बरणी सतरंजीवर ओतली होती.

"ओमाहा. पोकरचाच प्रकार. नेहमीच्या होल्डेमसारखंच, फक्त हातात दोनाऐवजी चार पानं. सोपंय रे!" एवढ्या शिकवणीवर मला बसवलं. 'सोपंय रे' म्हणणाऱ्या लोकांकडून मी आजवर पोहणं, आयकर रिटर्न आणि आता हे शिकलोय. तिन्ही वेळा नाकात पाणी.

त्यात आम्ही दिवाळीतले तीन पत्तीवाले. तिथे सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरला (सगळी एकाच रंगाची, म्हणजे सगळी बदाम वगैरे) मारतो, इथे कलर सिक्वेन्सला. (पाच पानांत कलर ५१०८ प्रकारे लागतो, साधा सिक्वेन्स १०,२०० प्रकारे, तीन पानांत कलर १०९६, सिक्वेन्स ७२०. जे कमी वेळा लागतं ते मोठं, हे मी रात्री दोन वाजता चिडून शोधलं.)

आत्या माझ्या पाठीमागे खुर्चीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांची हयात मेंढीकोटात, म्हणजे दश्शी पकडण्यात गेलेली. मी पानं जरा उचलली की चष्मा माझ्या खांद्यावर.

"दश्शी किती आल्या रे?"

"आत्या, यात दश्शांचं काही नसतं."

"म्हणजे काय? मग जिंकता कसे?"

खाली सगळ्यांसाठी उघडलेली पाच पानं: बदामाचा राजा, नव्वी, छक्की, दुर्री आणि एक किल्वरचा गुलाम. माझ्या हातात बदामाचा एक्का! मी चेहरा दगडासारखा केला. आणि आत्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई गं! बदाम एकच आलाय, पण एक्का आहे हो! सोडू नकोस!"

कुणीच घाबरलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. उलट यजमानाचा दहावीतला भाचा गालात हसला. मी उरलेले सगळे वाल पुढे सरकवले. त्याने बदामाची चौकी आणि पंजी खाली ठेवली आणि ढीग ओढून घेतला.

"अरे, माझ्याकडे एक्का आहे!"

"काका, हातातली दोन आणि खालची तीन. बरोब्बर दोन. तुमच्याकडे बदाम एकच आहे."

"सांगितलं होतं मी," यजमान म्हणाला. नव्हतं सांगितलं. अजिबात नव्हतं.

"होतं असं, काका. साठ कॉम्बिनेशन्स असतात," भाच्याने समजूत काढली. मला 'काका' जास्त लागलं.

घरी येऊन वाचलं तर, असा एकटा एक्का म्हणजे थाप मारायचं नामी हत्यार. सगळ्यात मोठा कलर दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही, म्हणून समोरचे बिचकतात. हातात बदाम एकच आहे हे त्यांना माहीत नसलं तर.

आत्यांना मात्र माझा खरा कळवळा आला. "दोनच घ्यायची? मग उरलेली दोन काय वरणात घालायची?" असं त्यांनी भाच्याला खडसावून विचारलं. मग माझ्याकडे वळून हळूच, "दश्शी होती का एखादी?"

"एक होती."

"एका दश्शीवर कुठे बसतोस, बाळा!"

मी निघताना त्यांनी सतरंजीवरचे सगळे वाल गोळा करून भिजत घातले. सोमवारी डब्यातून बिरडं आलं. चिठ्ठीवर यजमानाचं अक्षर: 'तुझेच आहेत.'