चिअर आणि नृत्यसंघांच्या बातम्यांविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आमच्या साप्ताहिकाला ऑनलाइन अभिप्रायात पाचपैकी एकच तारा देताना आपण लिहिले आहे की, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाला दर आठवड्याला अर्धे पान मिळते, मात्र त्याच शाळेच्या चिअर संघातील, म्हणजे उड्या, उचल-झेल आणि घोषणा यांचे सांघिक सादरीकरण करणाऱ्या, मुली विभागीय स्पर्धेत पहिल्या आल्या तरी त्यांच्याविषयी एक ओळही छापून येत नाही. आमच्या लेखी या मुली म्हणजे केवळ मैदानाच्या कडेची शोभा आहेत, असाही आपला आरोप आहे. आपण मराठीत लिहिलेत, म्हणून उत्तरही मराठीत देत आहे. बे एरियातील इतरही मराठी घरांतल्या मुली चिअर आणि नृत्यसंघांत आहेत, त्यांच्या पालकांनीही हे वाचावे अशी इच्छा आहे.

शेवटचा आरोप आधी घेतो, कारण तो खरा असता तर बाकी खुलाशाला काही अर्थच उरला नसता. कनेक्टिकटमधील क्विनिपियाक विद्यापीठाने महिलांचा व्हॉलीबॉल संघ बंद करून महिलांना खेळाची समान संधी देण्याच्या कायद्यासाठी त्याऐवजी स्पर्धात्मक चिअर संघ मोजायचे ठरवले, तेव्हा 2010 मध्ये संघीय न्यायालयाने त्याला नकार दिला आणि 2012 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. मुलींच्या अंगी कौशल्य नाही असे न्यायालयाने कुठेही म्हटले नव्हते. त्या काळी या खेळाला सर्वत्र सारखे नियम आणि नीट आखलेली स्पर्धापद्धती नव्हती, एवढाच त्याचा आधार होता. आपल्या कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये कायदा करून स्पर्धात्मक चिअरला शालेय खेळाचा दर्जा देण्याची वाट मोकळी केली, आणि 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. सहकारी मुलीला डोक्यावर हात ताणून उचलून धरणे, हवेत फेकून पुन्हा झेलणे आणि लगेच पुढच्या उड्या घेणे हा खेळ आहे की नाही, याबद्दल आमच्या कचेरीत दुमत नाही. नृत्यसंघांनाही आम्ही त्याच मापाने मोजतो. मिनेसोटात तर राज्याची शालेय क्रीडा संघटनाच त्यांच्या स्पर्धा भरवते.

मग बातमी का येत नाही? फुटबॉलचा सामना शुक्रवारी रात्री संपतो, फलकावर दोन आकडे असतात, आणि दोन्ही प्रशिक्षकांपैकी कोणालाही विचारले तरी तेच आकडे मिळतात. चिअरच्या स्पर्धेत मात्र एकाच व्यायामशाळेत एका दिवसात कितीतरी संघ उतरतात, आणि त्यांची विभागणी संघातील संख्या, वरिष्ठ किंवा कनिष्ठ स्तर आणि सादरीकरणाचा प्रकार यांनुसार अनेक गटांत होते. त्यामुळे ‘आमच्या मुली पहिल्या आल्या’ एवढ्या वाक्यावर बातमी उभी राहत नाही. ज्या गटात एकच संघ आहे, तिथेही तो संघ पहिलाच येतो. आणि ज्यांनी मोठ्या गटात चुरशीने बाजी मारली, त्यांच्यावर त्याच कोरड्या वाक्याने अन्याय होतो. गट कोणता होता, त्यात संघ किती होते, परीक्षकांनी किती गुण दिले, तोल गेल्याने किंवा नियमभंगाने किती वजा झाले, हे कळल्याशिवाय अडीच मिनिटांच्या त्या सादरीकरणात नेमके काय घडले ते वाचकाला समजत नाही. निकालाविषयी आपण आम्हाला पाठवलेल्या ईमेलमध्ये चषकाचा उल्लेख होता, गुणपत्रिका नव्हती. आमच्या क्रीडा वार्ताहराने ती मागितली होती आणि ती आल्यावर बातमी घेण्याची तयारीही कळवली होती.

याला जोडून आणखी एक अडचण आहे. यातल्या बऱ्याच स्पर्धा शालेय संघटनेच्या नसून खासगी कंपन्यांच्या असतात. ऑरलँडोच्या राष्ट्रीय चिअर आणि नृत्य स्पर्धा भरवणाऱ्या दोन मोठ्या संस्था एकाच कंपनीच्या मालकीच्या आहेत, आणि त्या स्पर्धांचे थेट प्रक्षेपण वर्गणी भरूनच पाहता येते. छायाचित्रेही बहुधा आयोजकांनी नेमलेला छायाचित्रकार काढतो आणि पालकांना विकतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रावर त्याचेच नाव उमटलेले होते. आपण ते विकत घेतले आहे हे खरे, पण ते छापण्याचा हक्क त्या खरेदीत आपोआप येत नाही, आणि परवानगीशिवाय आम्ही ते छापणार नाही.

काही पालकांनी सुचवले आहे की पैसे घ्या, पण बातमी द्या. भावना मी समजू शकतो, कारण गणवेश, प्रवास आणि शिबिरे यांच्यावर ही कुटुंबे आधीच भरपूर खर्च करत असतात. तरीही बातमीची जागा आम्ही विकत नाही, कोणत्याही खेळासाठी नाही. ज्या मुलीच्या घरी तेवढे पैसे नाहीत, तिचे नाव मग छापायचेच नाही का?

मनुष्यबळ तोकडे आहे, हेही सांगायला हवे. 2005 पासून या देशात तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, आणि त्यांतली बहुतेक आमच्यासारखी साप्ताहिके होती. शाळांचे खेळ पाहणारा आमच्याकडे एकच वार्ताहर आहे, आणि हिवाळ्यात चिअर व नृत्याच्या मोठ्या स्पर्धा असतात तेव्हाच बास्केटबॉल आणि सॉकरचे हंगामही चालू असतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेला माणूस पाठवण्याचे वचन मी देत नाही. दिले तर ते पाळता येणार नाही.

जे करता येईल ते मात्र ठरवले आहे. येत्या हंगामापासून क्रीडा पानावर चिअर आणि नृत्यसंघांच्या निकालांसाठी ठरावीक जागा राहील आणि फुटबॉलचा हंगाम लांबला तरी ती कापली जाणार नाही. मोठ्या स्पर्धेला निघण्यापूर्वी बहुतेक संघ शाळेत पालकांसमोर आपले सादरीकरण करतात. त्या संध्याकाळी आमचा छायाचित्रकार येईल, म्हणजे हक्काची छायाचित्रे आमच्याच हाती राहतील. हंगामात एकदा सरावावर सविस्तर लेखही घेऊ, आणि त्यात वर उचलल्या जाणाऱ्या मुलीइतकेच खाली उभे राहून तिचा भार पेलणाऱ्या मुलींनाही स्थान असेल. माझ्या मते या खेळात सर्वांत कमी दाद त्यांनाच मिळते.

आपल्याकडून एवढेच हवे आहे की संघाच्या प्रशिक्षकांनी, किंवा त्यांनी नेमलेल्या एका पालकाने, स्पर्धेनंतर रविवारी रात्रीपर्यंत संपूर्ण गुणपत्रिका आणि शाळेने मान्य केलेली खेळाडूंची यादी पाठवावी. मुली अल्पवयीन असल्यामुळे शाळेच्या यादीखेरीज कोणाचेही नाव आम्ही छापत नाही. ज्या विभागीय स्पर्धेचा आपण उल्लेख केला आहे, तिची गुणपत्रिका अजून उपलब्ध असेल तर याच आठवड्यात पाठवावी. पुढच्या अंकात तिच्यासाठी जागा ठेवण्यास मी सांगितले आहे.

आपला,
संपादक व मालक